हे कुठलं आहे आणि कधीचं आहे

8 मे 2025, रात्री साडेअकराची वेळ. मावशीचा फोन आला. मावशी राहते गडहिंग्लज तालुक्यात, नऊ वाजता झोपणारी बाई, त्यामुळं एवढ्या रात्री स्क्रीनवर तिचं नाव बघूनच पोटात गोळा आला. तिचा धाकटा मुलगा सैन्यात आहे, तेव्हा जम्मूच्या बाजूला होता, नक्की कुठं ते आम्हाला माहीत नसतं आणि आम्ही विचारतही नाही. दोन दिवसांपूर्वीच ऑपरेशन सिंदूर झालेलं, सीमेवर गोळीबार आणि ड्रोन चालू, आणि त्याचा फोन लागत नव्हता.

"आरं, तुला एक व्हिडिओ पाठवलाय, बघ की. आपल्या पोरांची चौकी उडवली म्हणं. खरं हाय का रे? मी जेवलो न्हाई, झोपलो न्हाई."

व्हिडिओ उघडला. रात्रीचं काळंकुट्ट आभाळ, खालनं वर जाणाऱ्या लाल रेघा, मग एक विमान पेटतं आणि खाली येतं. बावीस सेकंद. वर कुणीतरी हिंदीत मजकूर चिकटवलेला. मी तो पाच वेळा बघितला, आधी भीतीनं आणि मग जरा शांतपणे, आणि पाचव्यांदा लक्षात आलं की ह्यात आवाजच नाही. म्हणजे स्फोटाचा आहे, पण माणसाचा नाही. खऱ्या व्हिडिओत शूट करणारा माणूस काहीतरी बोलतोच हो, देवाचं नाव घेतो, शिवी देतो, शेजारच्याला हाक मारतो, कुत्रं तरी भुंकतं. इथं काहीच नाही. आणि धुराचे लोट सगळे एकाच साच्यातनं काढल्यासारखे. मग दोन-तीन फ्रेमचे स्क्रीनशॉट काढून उलटा शोध घेतला, म्हणजे फोटो टाकून तोच फोटो आधी कुठं आलाय का ते बघायचं, तर हाच तुकडा दोन वर्षांपूर्वी एका गेमिंग चॅनेलवर होता. अर्मा 3 नावाचा गेम.

हा गेम 2013 चा आहे, चेक देशातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह कंपनीचा, आणि तो इतका खऱ्यासारखा दिसतो की जगात कुठंही लढाई पेटली की त्याचे तुकडे बातमी म्हणून फिरतात. सीरिया, युक्रेन, गाझा, सगळीकडं झालंय. 2021 मध्ये अफगाणिस्तानातल्या पंजशीरवर हल्ला म्हणून आपल्याकडच्या टीव्हीवरसुद्धा दाखवून झालंय. शेवटी 2022 च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीनंच जाहीर निवेदन काढलं की आमच्या गेमचे व्हिडिओ असे ओळखा: चित्र मुद्दाम खराब केलेलं, कॅमेरा उगाच हलणारा, बहुतेक वेळा रात्र, आवाज नाही आणि चालती-बोलती माणसं दिसत नाहीत. मावशीचा व्हिडिओ ह्यातल्या बहुतेक खुणांत बसला.

मावशीला फोन करून सांगितलं की हा गेम आहे, खोटा आहे. ती म्हणाली, "म्हंजे पोरांचा खेळ? खेळातला व्हिडिओ कशाला पाठवत्यात रे आईला?" ह्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातंय, पण सांगतो. मावशीला हे सगळं समजावून अर्धा तास झाला नसेल, टीव्हीवर कराची बंदर पेटल्याच्या बातम्या सुरू झाल्या आणि ग्रुपवर आगीचा एक व्हिडिओ आला, जळणाऱ्या गाड्या, सायरन, पळापळ. मी तो बघितला आणि लगेच तीन ग्रुपवर टाकला. उलटा शोध नाही, काही नाही. छाती भरून आली होती. चार दिवसांनी कळलं की तो अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा होता, 31 जानेवारीला तिथं एक छोटं विमान वस्तीवर कोसळलं होतं त्याचा. म्हणजे तिथं कुणाची तरी घरं जळत होती आणि मी इकडं कोल्हापुरात शाहूपुरीत बसून त्याच्यावर झेंडे लावत होतो. भीतीचा व्हिडिओ मी तपासला आणि आनंदाचा तसाच पुढं ढकलला. त्या रात्रीनंतर मी हा विषय नीट शिकायचं ठरवलं, आणि वर्षभर जमेल तसं शिकतोय.

माझं काम जमीन मोजणीचं आहे. खाजगी सर्व्हेअर. टोटल स्टेशन, जीपीएस, गटाचे नकाशे, दोन भावांमधला बांध कुठं हे बघणं. गुगल अर्थ दिवसभर उघडंच असतं. त्यामुळं ओपन सोर्स रिसर्च, म्हणजे सगळ्यांना उघड मिळणाऱ्या फोटो, व्हिडिओ, सॅटेलाइट चित्रं, नकाशे ह्यांच्या जोरावर लढाईतल्या घटनांचा छडा लावणारे लोक, त्यांचं काम वाचायला लागल्यावर मला एकदम आपल्या गल्लीतलं वाटलं. ते पण शेवटी बांधच शोधत असतात.

ह्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव बेलिंगकॅट. एलियट हिगिन्स नावाचा इंग्लंडमधला माणूस, 2012 मध्ये नोकरी नसताना घरात बसून सीरियातले यूट्यूब व्हिडिओ बघून कुठलं शस्त्र कुणाकडं आहे ते लिहायचा, सैन्यातला नव्हे, पत्रकार नव्हे, अरबी पण येत नव्हतं. त्यानं 2014 च्या जुलैमध्ये बेलिंगकॅट काढलं. नावाचा अर्थ वाचला आणि मी हसलो, कारण ती आपलीच गोष्ट आहे, मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार. उंदरांची सभा आपण शाळेत वाचलेली.

आणि सुरू करून काही दिवसच झाले तोवर 17 जुलैला पूर्व युक्रेनवर मलेशियन एअरलाइन्सचं एमएच17 विमान पाडलं गेलं, 298 माणसं गेली. रशिया म्हणणार युक्रेननं पाडलं, युक्रेन म्हणणार रशियाच्या लोकांनी. ट्रकवर लादलेला, 'बुक' नावाच्या विमानविरोधी क्षेपणास्त्राचा एक लाँचर लोकांनी वाटेत ठिकठिकाणी टिपलेला होता, त्यातल्या एका व्हिडिओत त्याच्यावरचं एक क्षेपणास्त्र गायब दिसतं. रशियाच्या संरक्षण खात्यानं पत्रकार परिषद घेऊन सांगितलं की मागं जो जाहिरातीचा बोर्ड दिसतोय तो युक्रेनच्या ताब्यातल्या गावातला आहे. पण ती जागा निघाली लुहान्स्क शहरातली, जे रशियाच्या बाजूच्या बंडखोरांच्या ताब्यात होतं, आणि ते ठरवायला उपयोगी पडले तिथल्याच माणसांनी काढलेले त्याच चौकाचे फोटो. सॅटेलाइट नव्हे, कुठला भारी सॉफ्टवेअर नव्हे. तिथं राहणाऱ्या माणसाला आपला चौक माहीत असतो.

मग बेलिंगकॅटवाल्यांनी उलट्या दिशेनं तो लाँचर शोधत नेला, जूनमध्ये रशियातल्या कुर्स्ककडनं सीमेकडं निघालेल्या लष्करी ताफ्याचे फोटो रस्त्यावरच्या लोकांनी सोशल मीडियावर टाकले होते त्यात तोच लाँचर सापडला. कसा ओळखला? त्याच्या बाजूच्या रबरी पट्टीचे पोचे, फाटलेली कड, पुसट झालेला नंबर. आपण नाही का पार्किंगमध्ये शंभर काळ्या स्प्लेंडरमधनं आपली गाडी टाकीवरच्या पोच्यावरनं ओळखतो, तसंच. 2018 च्या मेमध्ये पाच देशांच्या संयुक्त तपास पथकानं सांगितलं की लाँचर रशियाच्या 53 व्या विमानविरोधी ब्रिगेडचा होता, आणि 17 नोव्हेंबर 2022 ला नेदरलँड्सच्या कोर्टानं तिघांना गैरहजेरीत जन्मठेप दिली. चौथा सुटला. आठ वर्षं लागली.

सगळं बरोबरच केलं त्यांनी असं पण नाही. 2015 मध्ये रशियानं दाखवलेल्या सॅटेलाइट चित्रांवर त्यांनी एक सॉफ्टवेअर चालवून ती बनावट आहेत म्हटलं, तर ते विश्लेषण ज्या वेबसाइटवर केलं तिच्या कर्त्यानंच सांगितलं की हे असं वापरायचं नसतं. मात्र त्याच चित्रांतली झाडं-झुडपं जुन्या गुगल अर्थ चित्रांशी ताडून चित्रांची तारीख चुकीची आहे हे जे दाखवलं, ते साध्या डोळ्यांनी कुणालाही तपासता येतं. आमच्या धंद्यात पण हेच, कॉम्प्युटरवर रेघ कितीही बारीक दिसू दे, शेताच्या बांधावर जाऊन दगड बघितल्याशिवाय सही करायची नाही.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेलं ते कॅमेरूनचं प्रकरण. 2018 च्या जुलैमध्ये एक व्हिडिओ फिरायला लागला, सैनिकी वेशातली माणसं दोन बायका आणि दोन लहान पोरं, त्यातलं एक पाठीला बांधलेलं, ह्यांना धुळीच्या रस्त्यावरनं चालवत नेतात आणि गोळ्या घालतात. तो मी पूर्ण बघितला नाही आणि तुम्हीही बघू नका. कॅमेरूनच्या सरकारनं आधी सांगितलं, फेक न्यूज आहे, आमचे सैनिक नव्हेत. बीबीसीच्या आफ्रिका आय टीमनं आणि त्यांच्याबरोबरच्या ओपन सोर्सवाल्यांनी तो व्हिडिओ फ्रेम फ्रेम करून बघितला. सुरुवातीला मागं लांबवर डोंगराची एक रांग दिसते. बस्स, एक रेघ. ती रेघ त्यांनी गुगल अर्थवर जुळवत जुळवत काढली आणि उत्तर कॅमेरूनमधलं झेलेवेट नावाच्या गावाजवळचं ठिकाण सापडलं.

हे वाचताना मी ऑफिसच्या गच्चीवर होतो आणि समोर जोतिबाचा डोंगर दिसत होता. आता बघा, तुम्ही कोल्हापूरचे असाल तर पन्हाळा आणि जोतिबा ह्यांची बाह्यरेषा तुम्हाला डोळे मिटूनसुद्धा काढता येईल, कुठली टेकडी उजवीकडं येते, शेंडा सपाट कुठं आहे, आणि केर्लीतनं बघितलं की कशी दिसते आणि वडणगेतनं बघितलं की कशी बदलते, हे पण. कुणी तुम्हाला तो डोंगर दाखवून साताऱ्याचा म्हणून खपवू शकत नाही. झेलेवेटच्या लोकांना त्यांचा डोंगर तसाच माहीत असणार.

मग वेळ. व्हिडिओतल्या एका इमारतीवरनं सॅटेलाइट चित्रांत बघून काळाची चौकट ठरवली, ती कधी उभी होती आणि कधी पाडली. आणि चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्या घेतल्या. माणूस म्हणजे घड्याळाचा काटाच, सावलीची लांबी आणि दिशा मोजली की सूर्य आभाळात किती वर आणि कुठल्या बाजूला हे निघतं, आणि ते त्या जागी वर्षातनं ठराविक दिवसांतच जमतं. त्यांनी काढलं: 20 मार्च ते 5 एप्रिल 2015. सरकारनं पुढं सात सैनिक अटकेत असल्याचं सांगितलं आणि 2020 मध्ये चौघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. दहा वर्षं फार कमी वाटतात मला, पण फेक न्यूज म्हणून जे गाडून टाकलं होतं ते वर आलं.

सावलीचं गणित परक्या माणसाला चमत्कार वाटेल, कोल्हापूरकराला वाटायचं कारण नाही. आपल्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव काय आहे? 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी, मावळतीचा सूर्य महाद्वाराच्या बाजूनं आत येतो, पहिल्या दिवशी पायावर, मग वर सरकत सरकत चेहऱ्यापर्यंत. कुणी मला फोटो दाखवला की सोनेरी उजेड देवीच्या मुखावर पडलाय आणि म्हणाला हा श्रावणातला, तर मी मानणार नाही, कारण सूर्य श्रावणात तिथं नसतोच. हेच तर तंत्र आहे. ते देऊळ बांधणाऱ्यांना शेकडो वर्षांपूर्वी माहीत होतं. दुसरं एक, 6 मेच्या आसपास दुपारी साडेबाराला कोल्हापुरात शून्य सावली असते, सूर्य बरोब्बर डोक्यावर, मी दरवर्षी रेंजिंग रॉड, म्हणजे मोजणीची काठी, उभा करून बघतो, सावली पायाशी गोळा होते. म्हणजे त्या दिवसांत कोल्हापुरात भर दुपारी काढलेल्या फोटोत लांब सावल्या असतील तर एकतर वेळ खोटी नाहीतर जागा खोटी. आणि हो, त्याच 6 तारखेच्या मध्यरात्रीनंतर सिंदूर झालं, मी दुपारी रॉड घेऊन अंगणात होतो, म्हणून ती तारीख माझ्या डोक्यात दोन्हीनं बसलीय.

वेळेवरनंच एक आठवलं. त्याच काळात जालंधरवर ड्रोन हल्ला म्हणून एका आगीचा व्हिडिओ फिरत होता. पीआयबी, म्हणजे केंद्र सरकारचं माहिती कार्यालय, त्यांच्या फॅक्ट चेकनं दाखवलं की ती शेतातली आग आहे, आणि व्हिडिओवरच वेळ छापलीय 7 वाजून 39 मिनिटं, ड्रोन हल्ला त्याच्यानंतर सुरू झाला. एवढं सोपं. फोनवर बघणाऱ्या हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर ते 7:39 होतं. तसंच '20 राज बटालियन' ची चौकी उडवली म्हणून एक व्हिडिओ होता, तर त्या नावाची तुकडीच सैन्यात नाही. आमच्या जिल्ह्यात घराघरात फौजी आहेत, शिरोळ तालुक्यातलं एक गाव तर सैनिक टाकळी ह्याच नावानं ओळखतात, तिथल्या कुठल्याही रिटायर्ड सुभेदाराला हे नाव दाखवलं असतं तर त्यानं दहा सेकंदात सांगितलं असतं. पण आपण सुभेदाराला विचारत नाही, आपण फॉरवर्ड करतो.

सॅटेलाइटबद्दल लोकांच्या फार कल्पना असतात, की वरनं माणसाची मिशी दिसते वगैरे. फुकट मिळणारं युरोपचं सेंटिनल-2 आहे, साधारण पाच दिवसांनी त्याच जागेचं नवं चित्र येतं, पण त्याचा एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा. म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एक गुंठा जमीन म्हणजे एक ठिपका. त्यात रणगाडा दिसत नाही, पण गुंठ्या-गुंठ्यानं जळालेलं शिवार दिसतं, नवीन रस्ता काढलेला दिसतो, धावपट्टीवरचा मोठा खड्डा आणि तो बुजवला हे काही वेळा दिसतं. विकतची चित्रं ह्याहून कितीतरी बारीक असतात. पण छताच्या आत काय झालं ते कुठलंच चित्र सांगत नाही, आणि जो माणूस छत बघून आत किती मेले ते सांगतो, मग तो आपला असो नाहीतर त्यांचा, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आपला-त्यांचा वरनं, एक गोष्ट टाळून पुढं जाणं बरोबर वाटत नाही. 2020 च्या डिसेंबरमध्ये ईयू डिसइन्फोलॅब नावाच्या युरोपियन संस्थेनं एक अहवाल काढला, 119 देशांत पसरलेली 750 च्या वर बोगस प्रसारमाध्यमं, बंद पडलेल्या संस्थांची नावं वापरून चालवलेली, पंधरा वर्षं, आणि हे सगळं पाकिस्तानची बदनामी करण्यासाठी, भारताच्या फायद्याचं. सरकारनं आपला काही संबंध नाही म्हणून सांगितलं. मी वाचलं तेव्हा पहिला विचार आला, बरं झालं, त्यांच्याच लायकीचं आहे. मग कराचीचा व्हिडिओ आठवला. आपल्या बाजूनं सांगितलेलं खोटं पण शेवटी आपल्यालाच खावं लागतं, कारण उद्या आपल्या पोरावर खरंच काही अन्याय झाला आणि आपण पुरावा घेऊन जगापुढं गेलो तर लोक म्हणणार, हे पण तसलंच असेल.

ह्या सगळ्याला उलटी बाजू आहे आणि ती मला एका पोरानं शिकवली. लढाई थांबली त्यानंतरच्या दिवसांत, तालमीच्या ग्रुपवर एकानं व्हिडिओ टाकला, हायवेवर लष्कराचे ट्रक एकामागनं एक चाललेत, मागं देशभक्तीचं गाणं, खाली 'आपले वाघ'. दहा सेकंद. मी नवीन नवीन शिकलो होतो म्हणून सवयीनं जागा शोधायला लागलो, आणि शोधायचं काय, तावडे हॉटेलचा चौक आहे हे कोल्हापुरात कुणीही सांगेल, सावली पूर्वेला पडलीय म्हणजे दुपारनंतर, ट्रक मोजता येतात, तोंड कुठं आहे ते दिसतंय. म्हणजे जे मी कराचीत बसलेल्या माणसाबद्दल शोधायला शिकत होतो ते सगळं आपल्या सैनिकांबद्दल आम्हीच ताटात वाढून देत होतो. त्याला फोन केला. तो चिडला, म्हणाला मी काय गद्दार आहे का. मी म्हटलं नाही रे बाबा, तुझं प्रेमच आहे, पण त्या ट्रकमध्ये माझा भाऊ असता तर? 26 एप्रिललाच माहिती आणि प्रसारण खात्यानं सगळ्या माध्यमांना सांगितलं होतं की लष्करी हालचालींचं थेट चित्रण करू नका, कारगिल, कंदाहार आणि 26/11 ची उदाहरणं देऊन. त्यानं व्हिडिओ ग्रुपवरनं काढून टाकला. तोवर पुढं किती ठिकाणी गेला कुणास ठाऊक.

तेव्हापासनं माझे दोन नियम आहेत. जे पोस्ट केल्यानं आपल्या कुणाचा ठावठिकाणा कळतो ते खरं असलं तरी टाकायचं नाही. आणि ज्याची जागा आणि वेळ मला स्वतःला सांगता येत नाही ते आवडलं तरी टाकायचं नाही. दुसरा पाळणं फार अवघड आहे.

तसं कोल्हापूरला ह्याची सवय असायला हवी होती. दर जुलैत पंचगंगा वाढली की 2019 च्या महापुराचे व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून फिरायला लागतात, आणि आपण काय करतो, राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. 39 फुटाला इशारा, 43 ला धोका. पातळी 31 असताना कुणी शाहूपुरीत पाणी घुसल्याचं दाखवलं तर कुणी घाबरत नाही. नदीच्या बाबतीत आपल्याला मोजपट्टी माहीत आहे म्हणून कंड्या पिकवणाऱ्यांचं चालत नाही. लढाईच्या बाबतीत मोजपट्टी हातात नसते आणि जीव टांगणीला लागलेला असतो.

भाऊ सुखरूप आहे. 10 मेला शस्त्रसंधी झाली, त्याचा फोन आला दुसऱ्या दिवशी, एक मिनिट बोलला, आईला म्हणाला जेव आधी. नंतर सुट्टीवर आला तेव्हा मी त्याला त्या रात्रीचं काही विचारलं नाही.

मावशी आता आलेला प्रत्येक व्हिडिओ मला पाठवते, पुढं कुणालाच नाही. सोबत मेसेज नसतो, फक्त व्हॉइस नोट: "ह्ये कुठलं आणि कवाचं?" परवा एक आला. म्हणे गेल्या मेमध्ये पंजाबात सीमेलगत शेतात पडलेला ड्रोन, लोक गोळा झालेत, मागं पीक उभं. मी उलटा शोध घेतला, काही सापडलं नाही. बोर्ड नाही, डोंगर नाही, आभाळ ढगाळ म्हणून सावली पण नाही. रात्री दीड तास बसलो. सकाळी मावशीला फोन केला की मला काही सांगता येत नाही, ठेवून दे.

"आरं, मागं शाळू उभा हाय की," ती म्हणाली. "कणसं भरल्यात. शाळू मे महिन्यात उभा असतोय व्हय? हुरडा संपून कडबा रचून झाला असतोय तवर. आणि पंजाबात गहू असतोय, तुझा भाऊच सांगत हुता."

मी परत व्हिडिओ उघडला. ड्रोनकडं बघत होतो मी दीड तास. मागच्या पिकाकडं बघितलंच नव्हतं. कणसं स्पष्ट दिसत होती, पांढरी, टपोरी.

तिला सांगायला लागलो की मावशी तू बरोबर, पण तिनं फोन ठेवला होता, म्हशीच्या धारा काढायची वेळ झाली होती.